नऊ अंशांचा कोप

"अठ्ठेचाळीस!"

मठाच्या कर्ण्यातून आकडा बाहेर पडला आणि चिंचमळीच्या चौकात जमलेल्या पाच-सहाशे माणसांच्या तोंडून एकदमच "आई गं" निघालं. बायकांनी पदर कपाळापर्यंत ओढले. कडेवर पोरं असलेल्या आया भिंतीच्या वीतभर सावलीत सरकल्या. कुणीतरी नारळ फोडला, त्याचं पाणी काळ्या फरशीवर सांडलं आणि लोक बघताहेत तोवर वाळूनही गेलं.

मठाच्या पडवीत, पत्र्याखाली, हातभर लांबीची एक लाकडी पट्टी टांगलेली होती. पट्टीवर आकडे, मधोमध काचेची नळी, नळीत चकाकता पारा. पट्टीला झेंडूचा हार आणि वरच्या टोकाला कुंकवाचा बोटभर मळवट. खाली काळा फळा. त्यावर दोन रकाने होते, एक दुपारच्या पाऱ्याचा आणि दुसरा पहाटेच्या. आज दुपार अठ्ठेचाळीस, पहाट तेहतीस.

"मंडळी, मी काही म्हणत नाही," पारदनाथ महाराज माईकमध्ये म्हणाले. माणूस पन्नाशीचा, दाढी विंचरलेली, आवाज लोण्यासारखा. "मी कोण म्हणणारा? मी निमित्त. हा पारा म्हणतोय! हे सायन्स आहे, सायन्स. अमेरिकेतला शास्त्रज्ञसुद्धा पाऱ्यालाच विचारतो. गेल्या पावसाळ्यात पाणी आलं, तेव्हा देवी आईनं एक डोळा उघडला होता. आता दुसरा उघडतोय. पारा पन्नासाला टेकला की तो पुरता उघडणार. मग अशी एनर्जी सुटेल, अशी एनर्जी सुटेल, की उभ्या उसाच्या मशाली होतील!"

आईनं पहिला डोळा उघडला तेव्हा महाराज कुठं होते, हे कुणी विचारलं नाही. ते तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते आणि तिथं पूर आला नव्हता. पण दोन हजार पाचच्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या माणसांनी जे पाहिलं होतं, त्यानंतर कुणीही कसलीही भीती विकायला आणली असती तरी ती खपली असती. चिंचमळीत कृष्णेचं पाणी बारा दिवस ठाण मांडून होतं. महाराज आले ते पाणी ओसरल्यावर, आणि महाशिवरात्रीला त्यांनी हा पारा टांगला.

गर्दीच्या कडेला संघप्रिया उभी होती. गावच्या हायस्कुलात ती भूगोल शिकवायची. शाळेचं हवामानाच्या उपकरणांचं कपाट पुरात गेलं होतं, म्हणून मार्चपासून तिनं नववीच्या मुलांना मठाच्या फळ्यावरचे आकडे रोज वहीत उतरवून घ्यायला सांगितले होते. तेव्हा तिला ती मोठी सोय वाटली होती. आता मात्र स्वतःचीच लाज वाटत होती, कारण शाळेच्या वहीत चढल्यामुळं त्या आकड्यांना आणखीच वजन आलं होतं.

"उपाय?" महाराज हळू आवाजात म्हणाले. कर्ण्यानं तो हळू आवाजही गावभर नेला. "उपाय आहे. पाण्यानं ज्याला सोडलं, त्याच्यामागं ऊन लागलंय. खालच्या आळीत अठरा घरं. सतरा बसली. एक उभं राहिलं. का राहिलं? मी नाव घेणार नाही. तुम्ही शहाणे आहात."

माना खालच्या आळीकडं वळल्या. मग घसा फाटल्यासारखा एका बाईचा आवाज आला.

"बनाबाईचं! बनाबाईचं घर ऱ्हायलं की हुबं!"

ती बायडाबाई होती. बनाबाईची सख्खी शेजारीण. पूर आल्यापासून नऊ महिने पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढणारी.

महाराजांनी डोळे मिटले. रविवारी उतारा ठरला. बनाबाईनं बारा ते तीन, अनवाणी, मठापुढच्या काळ्या फरशीवर सूर्याकडं तोंड करून उभं राहायचं. डोक्यावर तांब्याची कळशी. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. ऊन तिच्या अंगावर उतरलं की गाव सुटलं.

तो शुक्रवार होता. संघप्रियानं आजूबाजूच्या चेहऱ्यांकडं पाहिलं. तिच्या विद्यार्थ्यांचे बाप, दूध घालणाऱ्या बाया, रोज "नमस्कार बाई" म्हणणारे म्हातारे, सगळे होते. एकाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्याचं समाधान होतं, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी ती खालच्या आळीत गेली. दोन्ही बाजूंना मातीचे ढिगारे आणि त्यांतून वर आलेल्या मोडक्या चौकटी. मधे एकच घर. बनाबाईच्या नवऱ्यानं तीस वर्षांपूर्वी बांधताना जोतं छातीइतकं उंच घेतलं होतं, दगडात आणि चुन्यात. "घर बांधतोयस का बुरूज?" म्हणून गावानं तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल केली होती. पुराचं पाणी उंबऱ्याला लागलं आणि तिथूनच उतरलं. बाकीच्या मातीच्या भिंती बारा दिवस भिजल्या आणि बसल्या. यात देवाचा कोप नव्हता की कृपाही नव्हती. पण जे डोळ्यांसमोर असतं तेच माणसाला सगळ्यात शेवटी दिसतं.

बनाबाई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. वय अडुसष्ट, पाय सुजलेले, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू.

"मावशी, तुम्ही जाणार नाही रविवारी," संघप्रिया बसत म्हणाली.

"जातो की."

"तुम्हाला काय होईल ठाऊक आहे का? ह्या वयात, ह्या उन्हात, तीन तास?"

"ठावं हाय." बनाबाईचा हात सुपात फिरतच राहिला. "जोत्याचं बी ठावं हाय, बाई. आमच्या मालकांनी बांधलेलं मला ठावं नसंल व्हय? पर पूर आल्यापास्नं बायडी माझ्याशी बोलंना. चाळीस वर्सं एका चुलीवरनं इस्तू नेला आमी. पाणवठ्यावर गेलो की बाया गप हुत्यात. माझं घर ऱ्हायलं ह्योच माझा गुन्हा झालाय बघ. तीन तास हुबं ऱ्हायल्यावर गाव माझ्याशी बोलणार आसंल, तर मी ऱ्हातो हुबी."

आतून तिचा लेक ज्ञानू बाहेर आला. डोळे तांबडे झालेले. "बाई, आमाला ह्याच गावात ऱ्हायाचंय. आई न्हाय गेली आन उद्या खरंच कुणाचा ऊस पेटला, तर आमाला जित्तं ठेवतील का? तुमीच सांगा."

 सुपातले खडे निवडून बनाबाईनं पायरीखाली टाकले आणि संघप्रियाला चहाचं विचारलं.

शनिवारी सकाळी ती पहिल्या एसटीनं जयसिंगपूरला गेली. स्टँडसमोरच्या माडीवर सायबर कॅफे होता. प्लायवुडच्या चार खोपी, प्रत्येकीत एक संगणक आणि एक घरघरणारा पंखा. आदल्या वर्षी कोल्हापुरात झालेल्या भूगोल शिक्षकांच्या शिबिरात तिला एक परदेशी संकेतस्थळ दाखवलं होतं. तिथं जगभरच्या हवामान ठाण्यांच्या रोजच्या नोंदी मिळायच्या. देश निवडायचा, ठाणं निवडायचं, तारखा घालायच्या आणि वाट बघायची.

वाट बघण्यात पाऊण तास गेला. मग रांगेनं आकडे उतरले आणि पहिलाच आकडा बघून ती घाबरली. कमाल तापमान शंभरावर! पण लगेच ती स्वतःशीच चरफडली. नोंदी फॅरनहाइटमध्ये होत्या. बत्तीस वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा. मुलांना दहादा शिकवलेलं ती घाबरून विसरली होती. माणूस घाबरला की हिशेब आधी विसरतो, मग बाकीचं.

तिनं आधी उच्चांक काढला. यादीत जेवढी वर्षं होती, तेवढ्यांतला कोल्हापूरचा सगळ्यात मोठा आकडा. पारा एकदाही पंचेचाळीसला टेकलेला नव्हता. बेळगाव बघितलं, तिथंही नाही. मग तिनं मार्च-एप्रिलच्या रोजच्या नोंदी उघडल्या, वहीतले मठाचे आकडे शेजारी मांडले आणि वजाबाकी करत सुटली.

ठाणं म्हणजे गाव नव्हे, हे तिला कळत होतं. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर एखादा अंश इकडचा तिकडं व्हायचाच. पण कालच्या दुपारी ठाण्यावर एकोणचाळीस आणि मठात अठ्ठेचाळीस? नऊ अंशांचा फरक? पत्र्याखाली टांगलंय म्हणून असेल, असं तिला आधी वाटलं. पत्रा तापतोच. मग तिची नजर पहाटेच्या रकान्यावर गेली. ठाण्यावर चोवीस, मठात तेहतीस. पुन्हा नऊ. पहाटे पत्रा गार पडलेला असतो. मग पहाटेलाही नऊच कसे?

ती मागं मागं जात राहिली. एप्रिलच्या मध्याला फरक सात, दुपारी आणि पहाटेही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार. मार्चच्या पहिल्याच दिवशी मात्र काहीच नाही, दोन्हीकडं जवळजवळ सारखं. म्हणजे पारा सुरुवातीला खरं बोलत होता. मग फरक वाढला कधी? तिनं तारखांखाली वार लिहिले. दर शुक्रवारी फरक एकानं वाढत होता. आणि दर गुरुवारी संध्याकाळी मठात पडदा लावून पाऱ्याला दुधाचं स्नान घालत होते. त्या वेळी आत महाराजांशिवाय कुणालाही मज्जाव असे.

 आतापर्यंत तिला वाटत होतं की हा माणूस भाबडेपणानं चुकतोय. कुणीतरी दर आठवड्याला शांत डोक्यानं एकेक अंश मोजून भीती वाढवतंय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

छापलेले कागद घेऊन ती संध्याकाळी उताऱ्याच्या तयारीला देवळात भरलेल्या बैठकीत उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकूनही घेतलं, कारण ती पोरांची बाई होती. मग एक म्हातारा म्हणाला, "कोल्हापूरचं ऊन कोल्हापूरला, बाई. तितं रंकाळ्याचा गारवा हाय. हितं काय हाय?"

"कॉम्पुटरचं काय घिऊन बसलासा," दुसरा म्हणाला. "जे घालशीला त्ये दावतंय."

"महाराजांनी पारा टांगलाय, त्यो समोर दिसतोय की! तुमचं ऊन कागदावर."

महाराज खांबाला टेकून बसले होते. ते मायेनं हसले. "बाईंचं शिक्षण मोठं. मला आदर आहे. पण बाई, तुमचा कागद थंड आहे आणि आमची फरशी गरम आहे. कागदावर उभं राहून पाय भाजतात का?"

देऊळ हसलं. त्या हसण्याच्या आडून कोपऱ्यातला आवाज आला, "बाई, तुमचा धर्म येगळा. आमच्या देवात तुमी पडू नगासा."

संघप्रियाचा चेहरा तापला. तिच्या आज्जानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. हे वाक्य तिला नवं नव्हतं, पण प्रत्येक वेळी ते नव्यानं लागायचं. "तुमच्या देवाला मी काही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "मी थर्मामीटरबद्दल बोलतेय. आणि ऊन कुठल्या धर्माचं असतं, एवढं तरी सांगा मला."

 माणसं उठून पांगायला लागली. ती कागदांची सुरळी करून रस्त्याला लागली, तेव्हा मागून चपला फटफटवत बाळासो आला. बाळासो उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. चौथीत शाळा सोडलेला माणूस, बोलायला आडदांड, पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर वीस वर्षं काढलेली.

"बाई, थांबा. त्या फरकाचं परत सांगा. दर गुरवारी एक?"

"एक."

"आन दुपारी जेवढा, तेवढाच पहाटंला?"

"तेवढाच. म्हणून तर मला कळेना."

बाळासो रस्त्यातच थांबला. "कळायचं काय त्यात? ह्ये ऊन न्हवं, बाई. ही काटामारी हाय! काटा भरल्या ट्रॉलीला टनभर खातोय आन रिकामीला बी टनभरच खातोय, तर समजायचं की त्याचं शून्यच सरकिवलंय. आमी काय करतो? संशय आला की उसाची ट्रॉली चढवतच न्हाय. आदी रिकामी चढवतो. रिकामीचं वजन आमाला पाठ असतंय. काटा तितं उघडा पडतोय."

संघप्रिया त्याच्याकडं बघतच राहिली. सकाळपासून ती उच्चांक शोधत होती, मोठ्यात मोठा आकडा. तपासायचं होतं ते दुसरंच टोक.

"बाळासो," ती म्हणाली, "उन्हाची रिकामी ट्रॉली म्हणजे बर्फ. वितळत्या बर्फात पारा शून्यावरच यायला पाहिजे. कुठल्याही गावात, कुठल्याही महाराजांच्या मठात."

"मग आणतो की बर्फ," बाळासो म्हणाला.

रविवारी बारा वाजता बनाबाई फरशीवर चढली. नऊवारीचा काठ तिनं नीट खोचला होता, केस विंचरले होते. ज्ञानूनं तिच्या डोक्यावर कळशी ठेवली. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. भजन सुरू झालं. टाळांचा आवाज इतका मोठा होता की त्यात दुसरं काही ऐकू येऊ नये.

बाळासो अजून आला नव्हता. जयसिंगपूरच्या बर्फ कारखान्यात वीज गेलेली, असं एकजण येऊन सांगून गेला.

पहिल्या दहा मिनिटांत बनाबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागली. वीस मिनिटांनी तिचे ओठ पांढरे पडले. संघप्रिया छत्री घेऊन पुढं गेली, तर दोघांनी तिचे दंड धरून तिला मागं आणलं. मारलं नाही, शिवीही दिली नाही. "बाई, उतारा मोडतोय," एवढंच अगदी आदरानं म्हणाले. तिनं मोबाईलवरून पोलीस ठाण्याला फोन लावला, पण तिकडून कुणी उचलला नाही.

"अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच!" कर्णा ओरडला. "वाढतोय, मंडळी! ऊन खेचून घेतेय माउली! गजर करा!"

बनाबाईच्या डोक्यावरची कळशी कलली. तिनं ती सावरली. गर्दीत पुढं बायडाबाई उभी होती. तिचे हात टाळीसाठी जुळलेले होते, पण टाळी वाजत नव्हती.

पावणे एकला ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला. बाळासोनं गर्दीतून वाट काढत गाडी थेट पडवीपाशी आणली. ट्रॉलीत पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी होती, पत्र्याची बादली होती, आणि डेअरीत दुधाची तपासणी करताना वापरतात ते थर्मामीटर. त्यानं हातोड्यानं बर्फ फोडून बादलीत भरला, वर थोडं पाणी ओतलं आणि भजनापेक्षा मोठ्या आवाजात ओरडला.

"ऐका रं सगळे! मला एक सांगा, काट्यावर आदी काय चढवायचं असतंय?"

भजन अडखळलं. चिंचमळीत असा एकही माणूस नव्हता ज्याला याचं उत्तर ठाऊक नव्हतं.

"रिकामी," कुणीतरी म्हणालं.

"मग ह्या काट्यावर रिकामी कवा चढवलीसा? का इथं डायरेक बनाबाईलाच चढवलं?"

महाराज उठले. "खबरदार! पाऱ्याला हात लावायचा नाही. लावणाऱ्याचा हात झडेल!"

"हात कोण लावतंय? बादलीच वर नेतो," बाळासो म्हणाला. "आन महाराज, पारा खोटं बोलत न्हाई म्हंतासा न्हवं? मग घाबरताय कशापायी?"

महाराज गर्दीकडं बघायला लागले. गर्दी त्यांच्याकडं बघत होती. रिकामी ट्रॉली चढवायला नकार देणाऱ्या काटेवाल्याकडं ही माणसं कशी बघतात, ते संघप्रियाला आता कळलं. महाराजांचे दोन चेले पुढं सरसावले, पण शेतकऱ्यांनीच त्यांना अडवलं. "बघू दे की," एक म्हातारा म्हणाला. काल रंकाळ्याचा गारवा सांगणारा तोच.

बाळासोनं बादली वर उचलली. पट्टीचं खालचं टोक, नळीच्या तळाशी असलेल्या पाऱ्याच्या गोळीसकट, बर्फात बुडालं. संघप्रियानं दुधाचं थर्मामीटर त्याच बादलीत धरलं आणि ज्ञानूला जवळ बोलावलं. "तुम्ही वाचा. दोन्ही. मोठ्यानं."

ज्ञानू वाचायला लागला. मठाचा पारा चाळीस. दुधाचा एकतीस. मठाचा सव्वीस, दुधाचा सतरा. आकड्यागणिक त्याचा आवाज मोकळा होत गेला. मठाचा पंधरा. दुधाचा सहा. चौकात आता टाळ नव्हते, फक्त आकडे होते. दुधाचा एक. दुधाचा शून्य. मठाचा दहा. मठाचा नऊ.

"आता?" बाळासोनं विचारलं.

"नऊच."

"थांब. बघ अजून."

"नऊच हाय. हालंना."

संघप्रियानं बादली खाली घ्यायला सांगितली आणि कुणाची परवानगी न घेता पट्टीवरचा हार काढून फेकला. नळीला दोन ठिकाणी तारेनं बांधलं होतं. तारेखालचा रंग खरवडून गेलेला. पट्टीवर पाऱ्याच्या गोळीखाली, दोन बोटं अंतरावर, पिवळ्या रंगात गोळीच्याच आकाराची एक कोरी खूण होती. गोळी आधी तिथं होती. तिनं नळीवर अंगठा ठेवून खाली दाबलं. नळी सरकली आणि गोळी त्या खुणेवर जाऊन बरोबर बसली.

"आता वर धरा बादली," ती म्हणाली.

ज्ञानूनं वाचलं. "शून्य."

"दर गुरुवारी पडद्याआड हे स्नान चालायचं," संघप्रिया म्हणाली. ती माईकमध्ये बोलत नव्हती, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "पाऱ्याचा काही दोष नाही. दर आठवड्याला नळी एक अंश वर सरकवली. नऊ गुरुवार, नऊ अंश. आज दुपारचं आपलं ऊन साडेएकोणचाळीस आहे. उन्हाळ्यात असतं तसं."

"मंडळी!" महाराजांचा आवाज चिरकला. "ही आईनं घेतलेली परीक्षा होती! तुमची श्रद्धा किती..."

पुढचं वाक्य कुणी ऐकलं नाही. चौक एकदम पुढं लोटला. कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या हातात उसाचं दांडकं. संघप्रियानं पाहिलं की डोळे तेच होते, घटकेपूर्वी बनाबाईवर रोखलेले, फक्त आता त्यांना दुसरं माणूस सापडलं होतं. ती पडवीच्या पायरीवर आडवी उभी राहिली.

"त्याला हात लावायचा नाही!" ती ओरडली. "खोलीत कोंडा, पोलिसांना बोलवा. पण मारायचं नाही. आणि तिच्याकडं बघा आधी! कुणाचं लक्ष आहे का तिच्याकडं?"

बनाबाई अजून फरशीवर उभी होती. तिला उतरायला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या पायाखालची फरशी ओली झाल्यासारखी दिसत होती. ज्ञानूनं धावत जाऊन तिला उचललं तेव्हा तळव्यांची कातडी फरशीला चिकटून राहिली आणि ती पहिल्यांदाच ओरडली. ते ओरडणं ऐकून पुढच्या रांगेतल्या माणसांनी हातातली दांडकी खाली टाकली आणि महाराजांना मठाच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली.

तिला पडवीच्या सावलीत निजवलं. बाळासोनं बादलीतलं गार पाणी साध्या पाण्यात मिसळून तिच्या पायांवर धरलं, संघप्रियानं ओला पदर कपाळावर ठेवला. दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत गाव भोवती उभं होतं. माफी कुणी मागितली नाही. माफी मागायला आधी आपण काय केलं ते मोठ्यानं बोलावं लागतं, आणि ते कुणाला बोलवेना.

शेवटी बायडाबाई पुढं आली. ती बनाबाईच्या पायाशी बसली, फोडांकडं बघितलं आणि मान वर न करता म्हणाली, "बाई, एक इचारू? रागवू नगासा. समजा पारा खराच आसता तर? खरंच पन्नास झालं आसतं तर?"

संघप्रियाला राग आला होता. दोन दिवसांचा सगळा राग तिच्या जिभेवर होता. पण प्रश्न खरा होता, आणि चौकातल्या प्रत्येकाच्या मनात तोच होता, हे तिला दिसत होतं. नळी सरकवल्याचं कळलं म्हणून आज बनाबाई खाली उतरली. नळी जागेवर असती तर ती अजून तिथंच उभी असती.

"मावशी, पन्नास झालं असतं," ती सावकाश म्हणाली, "तर आपण पोरांना घरात ठेवलं असतं, जनावरांना सावलीत बांधलं असतं, म्हाताऱ्या माणसांना पाणी पाजलं असतं. आणि सगळ्यात आधी बनामावशीला पाजलं असतं, कारण तिला ब्लडप्रेशर आहे. एका बाईला उन्हात उभं केल्यानं ऊन एका अंशानंही उतरत नाही. उतारा घालून ऊन उतरलं, अशी एकही नोंद जगात कुठल्याही ठाण्यावर नाही. पारा खरा की खोटा हे तपासायचंच. पण तो खरा निघाला तरी माणसाला फरशीवर चढवायचं नाही. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी माझं सगळं विसरलात तरी चालेल."

 बायडाबाईनं बनाबाईचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि तांब्या तिच्या ओठाला लावला. बनाबाईनं डोळे उघडून बघितलं, ओळखलं, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी पीत राहिली.